मुक्या सोबत्यांस लागणारी चाहूल

ज्या घरीं कुत्रें किंवा मांजर पाळलेलें असतें त्या घरच्या माणसांस एक अनुभव केव्हांना केव्हां येतोच. कोणी तापानें अंथरुणास खिळलें म्हणजे एरवीं अंगणांत हुंदडणारें कुत्रें खाटेपाशीं येऊन बसतें. जेवणाची थाळी वाजली तरी लवकर उठत नाहीं. मांजर चुलीजवळची ऊबदार जागा सोडून आजाऱ्याच्या पायथ्याशीं अंग मुडपून पडतें. हें पाहून घरांतील वडील माणसें म्हणतात, "मुक्या जिवाला सारें कळतें." हें जें कळतें तें नक्की काय, तें कशाच्या योगानें कळतें, आणि त्यावर आपण कितपत विसंबावें, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय नुसत्या कौतुकाचा नाहीं. जनावराची खूण ओळखल्यामुळें प्राणघातक रोग वेळेवर उघडकीस आल्याचीं उदाहरणें आहेत. आणि जनावरावर भलताच भरंवसा टाकणें धोक्याचें ठरेल असें दाखविणारे प्रयोगही झाले आहेत.

प्रथम दोन गोष्टींतील भेद लक्षांत घेतला पाहिजे. चाहूल लागणें ही एक गोष्ट, आणि तिचा अर्थ कळणें ही निराळी. आपल्या प्राचीन वैद्यांच्या एका निरीक्षणांत हा भेद फार चांगला दिसतो. प्रमेहाचीं पूर्वलक्षणें सांगतांना चरकसंहितेंत रोग्याच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या धांव घेतात, असें नमूद केलें आहे. मुंगीस गोडी कळली. रोग कळला नाहीं. रोग कळला तो मुंग्यांची रांग पाहून विचार करणाऱ्या वैद्यास. पुढील उदाहरणें वाचतांना ही मुंगी आणि हा वैद्य, दोघांसही वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां चाहूल कशी लागते तें पाहूं. कुत्र्याचें मुख्य इंद्रिय नाक होय. माणसाच्या नाकांत गंध टिपणाऱ्या पेशी सुमारें ५० ते ६० लक्ष असतात असें मानितात. कुत्र्याच्या नाकांत त्या २० कोटींच्या आसपास, आणि कांहीं जातींत त्याहूनही अधिक असतात. शिवाय हुंगतांना तें आपला उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या चिरेंतून सोडतें. त्यामुळें आंत येणारा नवा वास बाहेर जाणाऱ्या हवेनें विरत नाहीं. टाळूच्या वरच्या भागांत गंधाचें आणखी एक लहान इंद्रिय असतें. तें मांजरासही आहे. एखादी वस्तु हुंगून मांजर तोंड किंचित् उघडें ठेवून क्षणभर थबकतें, तें ह्याच इंद्रियाकडे गंध पोंचविण्यासाठीं.

रोग झाला म्हणजे शरीरांतील रासायनिक क्रिया बदलतात, व त्यांतून उत्पन्न होणारीं सूक्ष्म द्रव्यें श्वास, घाम व मूत्र ह्यांच्या वाटे बाहेर पडतात. मधुमेह विकोपास गेला असतां रोग्याच्या श्वासास पिकलेल्या फळासारखा वास येतो व तो अनुभवी डॉक्टरांच्या नाकासही कळतो. मग जें नाक आपल्याहून कितीतरी पटीनें तीक्ष्ण, त्यास असे अनेक वास कळत असल्यास नवल तें काय?

सन १९८९ मध्यें लंडन येथील दोन डॉक्टरांनीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत एक पत्र प्रसिद्ध केलें. एका बाईच्या मांडीवर तीळ होता. तिचें कुत्रें इतर तिळांकडे ढुंकूनही पाहत नसे. परंतु हा एकच तीळ तें कपड्यांवरूनही वारंवार हुंगी, आणि एके दिवशीं तर त्यानें तो चावून काढण्याचा यत्न केला. तेव्हां ती बाई डॉक्टरांकडे गेली. तीळ कापून तपासतां तो त्वचेच्या घातक कर्करोगाचा निघाला. रोग आरंभीच्या अवस्थेंत होता म्हणून उपाय चालला. येथें कुत्र्यास कर्करोग म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें. आपल्या धनिणीच्या अंगास एके ठिकाणीं निराळा वास येतो, एवढेंच त्यास ठाऊक होतें. परंतु त्या बाईनें तें चाळ्यावारी नेलें नाहीं, हें महत्त्वाचें.

एका उदाहरणावरून सिद्धांत होत नाहीं, म्हणून पुढें पद्धतशीर प्रयोग झाले. इंग्लंडांतील ॲमरशॅम येथील प्रयोगाचा वृत्तांत सन २००४ मध्यें 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्यें आला. सहा कुत्र्यांस मूत्राशयाच्या कर्करोगाचा वास ओळखण्यास शिकविण्यांत आलें. प्रत्येक वेळीं मूत्राचे सात नमुने मांडीत. त्यांतील एकच रोग्याचा असे. ५४ वेळां परीक्षा झाली, तींत २२ वेळां उत्तर बरोबर आलें. म्हणजे शेंकडा ४१. नुसत्या अंदाजानें शेंकडा १४ च आलें असतें. विद्यार्थिमित्रांनीं हे दोन्ही आंकडे नीट पाहावेत. कुत्र्यांस वास कळत होता हें निर्विवाद. परंतु अर्ध्याहून अधिक वेळां तीं चुकलींही. ह्याच प्रयोगाच्या तालमींत आणखी एक प्रकार घडला. निरोगी म्हणून गणलेल्या एका माणसाचा नमुना कुत्रीं पुन्हां पुन्हां रोगी ठरवूं लागलीं. शिक्षकांनीं त्यांस चुकीबद्दल रागें भरून प्रकरण तेथेंच मिटविलें असतें तर? परंतु त्या माणसाची फिरून तपासणी करण्यांत आली, आणि त्याच्या मूत्रपिंडांत कर्करोग आढळला.

इतर रोगांविषयींही असेच शोध लागले आहेत. मधुमेहाच्या रोग्याच्या रक्तांतील साखर एकाएकीं उतरली तर त्यास घेरी येते, व वेळीं साखर न मिळाल्यास जिवावरही बेततें. अशा वेळीं रोग्यास आधीं सावध करणारीं कुत्रीं तयार करितात. केंब्रिज येथील संशोधकांस सन २०१६ मध्यें असें आढळलें कीं, साखर उतरली असतां श्वासांतील आयसोप्रीन नामक द्रव्य वाढतें. कुत्र्यांस हाच वास कळत असावा, असा त्यांचा तर्क आहे. फ्रान्समधील रेन येथील संशोधकांनीं सन २०१९ मध्यें फेंफऱ्याच्या वेळच्या श्वासाचे व घामाचे नमुने पांच शिकविलेल्या कुत्र्यांपुढें ठेविले, तेव्हां त्यांपैकीं तीन कुत्र्यांनीं योग्य नमुना प्रत्येक वेळीं ओळखला.

परंतु सारेंच नाकानें कळतें असें नाहीं. जनावरें आपल्या हालचालींकडे किती बारकाईनें पाहतात ह्याचा दाखला बर्लिन शहरांतील हान्स नांवाच्या घोड्यानें दिला. विसाव्या शतकाच्या आरंभीं हा घोडा खुरानें ठोके मारून गणिताचीं उत्तरें देई, आणि पाहणारे थक्क होत. सन १९०७ मध्यें ऑस्कर फुंग्स्ट ह्या संशोधकानें त्याचें रहस्य उलगडून दाखविलें. विचारणाऱ्यास स्वतःस उत्तर ठाऊक नसलें म्हणजे घोडाही चुके. योग्य ठोक्यास विचारणाऱ्याचें मस्तक त्याच्या नकळत किंचित् हाले, आणि तेवढें पाहून हान्स थांबे. घोड्यास गणित येत नव्हतें. पण माणूस वाचतां येत होता! असें असतां, गुडघा दुखणाऱ्या आजोबांचें पाऊल अडखळलें, किंवा आईचा आवाज उतरला, तर तें घरच्या कुत्र्याच्या नजरेंतून कसें सुटावें?

ह्या पाहण्यांत ममतेचा अंश असतो काय? लंडन येथें सन २०१२ मध्यें १८ कुत्र्यांसमोर माणसें कधीं रडण्याचें सोंग करीत, कधीं गुणगुणत, कधीं नुसतीं बोलत. बहुतेक कुत्रीं रडणाऱ्याजवळ गेलीं, मग तो धनी असो कीं परका असो. अमेरिकेंत सन २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ३४ कुत्र्यांचे धनी दाराआड बसून रडूं किंवा गुणगुणूं लागले. दोन्ही प्रसंगीं निम्म्याच्या आसपास कुत्र्यांनीं दार ढकललें. परंतु रडणें ऐकून दार ढकलणारीं फार लवकर आंत गेलीं.

आतां नाण्याची दुसरी बाजू. कॅनडांतील संशोधकांनीं सन २००६ मध्यें निराळी परीक्षा पाहिली. कुत्र्यास घेऊन मैदानांत चाललेला धनी हृदयविकाराचा झटका आल्याचें सोंग करून खालीं पडे. जवळच दुसरें माणूस बसलेलें असे. त्या माणसाकडे मदत मागण्यासाठीं गेलें असें एकही कुत्रें आढळलें नाहीं. कथांतील कुत्रीं गांव जागें करून धन्याचा जीव वांचवितात. मैदानावरील कुत्रीं धन्याभोंवतीं घुटमळलीं किंवा इकडे तिकडे हिंडूं लागलीं. त्यांच्या प्रेमास ह्यामुळें उणेपणा येत नाहीं. धनी पडला हें त्यांस दिसलें. पडण्याचा अर्थ काय, आणि आतां काय केलें पाहिजे, हें मात्र त्यांस उमगलें नाहीं. हीच ती मुंगी आणि वैद्य ह्यांमधील रेषा.

मांजरांविषयीं सांगावयाचें तर ऑस्कर नामक बोक्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. अमेरिकेंतील प्रॉव्हिडन्स येथील एका शुश्रूषागृहांत तो सन २००५ पासून वाढला. तेथें स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध राहत. एरवीं फारसा लळा न लावणारा हा बोका ज्यांचा अंत जवळ आला आहे अशांच्या शय्येवर जाऊन बसे, आणि परिचारिका त्यावरून नातेवाइकांस बोलावून घेत. सन २००७ मध्यें तेथील डॉक्टर डेव्हिड डोसा ह्यांनीं त्याजवर लेख लिहिला, तोंपर्यंत २५ हून अधिक मृत्यूंच्या वेळीं तो हजर होता. सन २०२२ मध्यें ऑस्कर वारला. मरणोन्मुख शरीराचा विशिष्ट वास त्यास येत असावा, असा एक तर्क आहे. मात्र येथें विद्यार्थ्यांनीं एक प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्यावी: ज्यांच्या शय्येवर तो झोंपला आणि जे दुसऱ्या दिवशीं उठून बसले, त्यांची गणती कोणीं ठेविली होती काय? खरीं ठरलेलीं भाकितें स्मरणांत राहतात, चुकलेलीं विसरलीं जातात. तरीही त्या बोक्यामुळें कित्येकांस आपल्या माणसाचा शेवटचा निरोप घेतां आला, हें कांहीं थोडें नव्हे.

जनावरें आपल्या जनावर-सोबत्यांचेंही दुःख ओळखतात. चार्ल्स डार्विन ह्यांनीं सन १८७१ च्या आपल्या ग्रंथांत, टोपलींत आजारी पडलेल्या मांजरीस जातां येतां चाटल्यावांचून पुढें न जाणाऱ्या एका कुत्र्याची स्वतः पाहिलेली हकीकत दिली आहे. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशांत व्होल नांवाचा उंदरासारखा प्राणी राहतो. आपला जोडीदार भेदरलेला दिसला म्हणजे तो त्यास चाटून शांत करितो, असें सन २०१६ मध्यें दाखवून देण्यांत आलें. मेंदूंतील ऑक्सिटोसिन नामक द्रव्याचें कार्य थांबविलें असतां हें सांत्वनही थांबलें. मातेस अपत्याविषयीं वाटणाऱ्या मायेशीं ज्या द्रव्याचा संबंध आहे तेंच हें द्रव्य होय.

ह्या सर्वांवरून पालकांस व विद्यार्थ्यांस कांहीं व्यवहारी गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पाळलेलें जनावर घरच्या माणसाच्या अंगावरील एकच जागा पुष्कळ दिवस हुंगूं लागलें, तर त्यास हुसकून न देतां एकदां डॉक्टरांस दाखवावें. परंतु घाबरूनही जाऊं नये, कारण कुत्रें पुष्कळ वेळां निष्कारणही हुंगतें. उलट, कुत्रें स्वस्थ आहे म्हणून आपणही निरोगी आहों, असें कदापि मानूं नये. तिसरी गोष्ट अशी कीं, कुत्र्याच्या चाटण्यानें जखम बरी होते हा समज सोडून द्यावा. आपल्या देशांतून पिसाळरोग अद्याप गेलेला नाहीं, व तो लाळेंतून जखमेवाटे शिरतो. उघडी जखम चाटली गेल्यास ती वाहत्या पाण्यानें व साबणानें १५ मिनिटें धुऊन तत्काळ इस्पितळांत जावें.

शेवटची गोष्ट आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची आहे. तीं आपलें दुखणें ओळखतात. आपण त्यांचें ओळखतों काय? मांजर आपली वेदना लपवितें. तें ओरडत नाहीं, नुसतें कोपऱ्यांत जाऊन बसतें, आणि आपण म्हणतों, "आज किती शहाण्यासारखें बसलें आहे!" मॉन्ट्रियल येथील विद्यापीठांत सन २०१९ मध्यें मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची रीत बसविण्यांत आली. कान बाहेरच्या बाजूस वळलेले, डोळे आकसलेले, तोंडाचा पुढील भाग ताठलेला, मिशा सरळ व पुढें आलेल्या, आणि मान खांद्यांच्या खालीं झुकलेली, अशीं तीं पांच चिन्हें होत. तीं पाहण्यास कसल्याही यंत्राची गरज लागत नाहीं. आमच्या शेतकरी पालकांस तर हें नवीन नाहीं. बैलाचें ओलें नाक कोरडें पडलें, रवंथ थांबला, कीं चांगला शेतकरी औत सोडून गुरांच्या डॉक्टरांकडे जातो.

जनावराजवळ तीक्ष्ण नाक आहे, सावध डोळे आहेत, आणि दुखणाऱ्याजवळ बसून राहण्याइतकी माया आहे. अर्थ लावण्याची बुद्धि मात्र माणसापाशीं आहे, आणि वैद्यास बोलावून आणण्याचे हातपायही माणसासच आहेत. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, आज घरीं गेल्यावर आपल्या कुत्र्याकडे, मांजराकडे, गोठ्यांतील गाईकडे पांच मिनिटें स्वस्थपणें पाहा. तें नीट खातें काय, सरळ चालतें काय, कोठें हात लावूं देत नाहीं काय? तें आपणांकडे रोज इतक्याच लक्षपूर्वक पाहत असतें.