मराठीतून गोरबोलीत: काय करावे, काय टाळावे

हिंगोली जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांवर घरात गोरबोली चालते, नोटीस मात्र मराठीत येते. आशाताई, गुरुजी, बँकेचा माणूस, सगळ्यांनाच रोजची चार वाक्यं फिरवून सांगावी लागतात. त्यांच्यासाठी हे टिपण.

काय करावे

- आधी मराठी सोपी करा. ‘लसीकरण शिबिरास पालकांनी पाल्यासह उपस्थित राहावे’ हे कुठल्याच बोलीत उतरत नाही. ‘उद्या सकाळी लेकराला घेऊन शाळेत या, लस द्यायची आहे’ हे लगेच उतरतं.
- सुरुवात ‘जय सेवालाल’ या नमस्काराने करा. कामाचं नंतर.
- छोटी वाक्यं तोंडात बसवा. लेकराला विचारा, ‘तारो नाम कांई छ?’ (तुझं नाव काय आहे?) वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘तारो’चं ‘तमारो’ करा.
- घरातले शब्द घरातलेच घ्या. आई म्हणजे याडी, भाकरी म्हणजे बाटी. ‘जेवण’ला प्रतिशब्द शोधत बसू नका, बाटीचं विचारा.
- लिहिताना एकच पद्धत ठेवा. महाराष्ट्रात गोरबोली देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नड लिपीत. एकदा ‘छ’ लिहिलंत की शेवटपर्यंत ‘छ’च.
- तांड्यावरच्या एखाद्या आजीला वाचून दाखवा. ‘समजलं का?’ विचारलं की मान डोलतेच. त्यापेक्षा ‘मी काय म्हणालो, सांगा बरं’ म्हणा. चूक तिथेच सापडते.

काय टाळावे

- वाक्प्रचार शब्दशः फिरवू नका. ‘पोटात गोळा आला’ जसंच्या तसं सांगितलंत तर समोरचा दवाखाना सुचवेल. झुलू भाषेतल्या ‘सावुबोना’चा शब्दार्थ ‘आम्ही तुला पाहतो’, पण काम मात्र आपल्या रामरामाचं. शब्दामागचा प्रसंग उचला.
- ‘हिंदी येतेच की’ म्हणू नका. 2011च्या जनगणनेत गोरबोली ‘लमाणी-लंबाडी’ या नावाने हिंदीखाली मोजली गेली, तरी तिचं नातं राजस्थानी बोलींशी आहे. म्हातारी माणसं हिंदी ऐकून घेतात, दुखणं मात्र आपल्याच बोलीत सांगतात.
- तेलंगणातली ध्वनिफीत तशीच लावू नका. तिकडच्या बोलण्यात तेलुगू शब्द मिसळलेत, इकडच्या बोलण्यात मराठी.
- रुळलेले शब्द बदलू नका. आधार, रेशन, सोयाबीन तसेच राहू द्या.
- शाळकरी पोराला दुभाष्या करून बाईचं दुखणं विचारू नका. तो शब्द गाळतो, ती लाजून गप्प बसते. तांड्यातलीच एखादी जाणती बाई सोबत घ्या.
- हेल काढून नक्कल करू नका. शब्द चुकला तर लोक हसतील आणि सुधारून देतील. नक्कल केलीत तर पुढच्या खेपेला उत्तर मराठीतच मिळेल, तेही तुटक.