आधी विचारा, जमीन कोणाची?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. रामराजच्या बाजूच्या कातकरीवाड्यांवर त्यानं कौल ठेवलं नाही की प्लास्टिक. वीटभट्ट्यांवरून माणसं नुकतीच परतली होती, आणि टाळेबंदीच्या गोंधळात अनेकांचा हिशेबही झाला नव्हता. मग मदतीचे टेम्पो सुरू झाले. त्यातल्या एकाबरोबर वाट दाखवायला मी होतो. मुंबईची मंडळी भली होती, पैसाही भरपूर जमवला होता. एका वाडीतल्या सगळ्या घरांना सिमेंटचे खांब आणि पक्क्या भिंती करून द्यायच्या, असं त्यांनी येतानाच ठरवलं होतं.

ताईनं, माझ्या थोरल्या बहिणीनं, एवढंच विचारलं, "जमीन कोणाची आहे?"

कोणालाच सांगता येईना. रायगडातल्या कितीतरी कातकरीवाड्या खाजगी जमिनीवर आहेत. शेताची राखण करायला, कामाला माणसं हाताशी असावीत म्हणून कोणा मालकाच्या आजोबांनी त्यांना तिथं वसवलं. कागद कोणी केला नाही. कुडाचं घर असेपर्यंत सहसा कोणी हरकत घेत नाही. सिमेंटचा खांब उभा राहिला की मालकाला वाटतं, आता हे कायमचे बसले. आणि अलिबाग तालुक्यात हल्ली मालक म्हणजे बहुधा बंगल्यासाठी जागा घेतलेला कोणीतरी शहरातला माणूस. त्याला ना वाडी ठाऊक, ना आजोबांचा शब्द. दुसऱ्या एका वाडीत अशाच भिंतींनंतर कुंपण पडलं आणि माणसांना ओढ्यापलीकडे जावं लागलं, हे ताईनं पाहिलेलं होतं. म्हणून त्या वर्षी आम्ही ताडपत्री, बांबू आणि दोर दिले. उरलेल्या पैशातून सातबारा काढले आणि तलाठ्याकडे, ग्रामपंचायतीकडे खेटे घातले. टेम्पोवाल्या मंडळींपैकी काहींचा हिरमोड झाला, कारण सातबाऱ्याचं उद्घाटन करता येत नाही.

ताई अंगणवाडी सेविका होती. वाडीतल्या बायका तिला आजही 'बाई' म्हणतात. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो, पुढं जे. एस. एम. कॉलेजची माझी फी तिच्या मानधनातून गेली. होय, मानधन. देशातली लहान मुलं जिच्या भरवशावर जगतात तिला सरकार पगार देत नाही, मान देऊन धन जरा कमीच देतं. ती फी मी परत करू शकलो नाही, तिनं घेतलीच नसती. त्याहून मोठं देणं म्हणजे निवृत्तीनंतर तिनं मला आपल्या मागोमाग वाड्यांवर फिरू दिलं. आज मला जे काही कळतं ते तिच्या पिशवीतल्या प्लास्टिकच्या फाइलींतून आलेलं आहे.

त्या फाइलींबद्दल सांगतो, कारण अशा कामात उतरू पाहणाऱ्यानं तांदळाआधी कागद बघावा. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीनच जमाती आदिम म्हणून नोंदलेल्या आहेत. त्यांच्यासाठी योजना आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमनमध्ये तर घरकुलही आहे. पण घरकुलाला जागेचा कागद लागतो आणि आपण पुन्हा त्याच प्रश्नाशी येतो. जातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात; भट्टीवर जन्मलेल्या आजीच्या नातवानं तो कुठून आणावा? अशा वेळी स्थानिक चौकशीचा आग्रह धरायचा, प्रांत कार्यालयात नेटानं बसायचं, पेणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात जायचं. जन्माची नोंद २१ दिवसांत फुकट होते, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. भट्टीवरून तान्हं मूल घेऊन आलेली बाई दिसली की ताई मुलाचं नाव विचारण्याआधी नोंदीचं विचारते.

रेशनचंही तसंच. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. तुमच्या पाच किलोच्या पाकिटापेक्षा ते कार्ड चालू करून देणं मोठं. कार्ड असूनही धान्य मिळत नसेल तर कारण शोधा: नाव कमी झालंय, आधार जोडलेलं नाही, किंवा गारा मळून बोटांच्या रेषाच झिजल्यात आणि मशीनवर अंगठा उमटत नाही. शेवटच्या कारणासाठी दुकानदाराशी भांडू नका, त्याच्या हातातही मशीनच आहे. तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आता बयाण्याचं, म्हणजे भट्टीच्या मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचं. इथं चांगल्या मनाची माणसं हमखास घसरतात. आषाढ-श्रावणात शेतमजुरीही रोज नसते, घरात दाणा नसतो. चिंबोऱ्या, खाडीतली मासळी, रानातले कंद यांवर दिवस निघतात. तेव्हा मुकादम उचल देतो आणि दिवाळीनंतर जोडी पोराबाळांसह भट्टीवर जाते. हे पाहून एका दात्यानं एका कुटुंबाची सगळी उचल मुकादमाला रोख फेडली. पुढच्या पावसाळ्यात त्याच घरानं पुन्हा उचल घेतली, कारण श्रावण पुन्हा आला होता. फेडायचं नसतं असं मी म्हणत नाही, पण मुकादमाच्या हातात पैसे ठेवण्याआधी कायदा वाचा. १९७६ च्या वेठबिगारविरोधी कायद्यानं अशा बांधून घालणाऱ्या कर्जाची जबाबदारीच रद्द केलेली आहे. भट्टीवर कोणाला अडवून ठेवलं असेल तर एकट्यानं जाऊन आरडाओरडा करू नका. रात्री मार त्या कुटुंबाला पडतो, तुम्ही घरी आलेले असता. रायगडात सर्वहारा जन आंदोलन, श्रमजीवी संघटना यांनी वर्षानुवर्षं हे काम केलंय. त्यांच्याबरोबर तहसीलदारांकडे जा.

धान्य द्यायचंच असेल तर श्रावणात द्या, दिवाळीत सगळेच देतात. शेजारच्या पाड्यालाही द्या, नाहीतर तुमच्या मागं भांडण राहतं. जुने कपडे निवडून, धुऊन आणा. फोटो काढू नका. पिशवी घेणाऱ्या बाईचा चेहरा तुमच्या अहवालात नसला तरी अहवाल पूर्ण होतो.

आणि तुमच्या घरी अशी ताई नसेल, तर त्या वाडीच्या सेविकेला आणि आशाताईला आधी भेटा. कोणत्या घरात काय कमी आहे, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाचं कार्ड कोणाकडे गहाण पडलंय, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांचं ऐका, त्यांच्या पुढं पुढं करू नका. झेरॉक्सचे पैसे मात्र तुम्ही द्या. ते आजवर त्यांच्याच पर्समधून जात आलेत.