आधी एक रोल गच्चीवर

निकॉन एफ-३ मला कॉलेजात असल्यापासून हवा होता. आमच्याकडे सभेला आलेल्या एका वृत्तपत्र छायाचित्रकाराच्या गळ्यात तो पाहिला आणि मुठीजवळची ती बारीक लाल रेघ मनात बसली. ज्योर्जेत्तो जुजारो या इटालियन डिझायनरने रूप दिलेला हा कॅमेरा १९८० मध्ये आला आणि २००१ पर्यंत बनत राहिला.

मला तो पन्नाशीत मिळाला, जुना. विक्रेत्याने रिकामाच दोन-चारदा दाबून दाखवला. शटरचा तो आवाज ऐकला आणि मी पैसे मोजले. चारच दिवसांनी ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला निघायची होती. आई त्या वर्षी पहिल्यांदाच चालणार होती. मी दोन कृष्णधवल रोल घेतले, मोबाइल मुद्दाम घरी ठेवला.

दिवे घाटात चांगलं ऊन होतं. पहिला रोल संपला. दुसऱ्याच्या मध्यावर आभाळ भरून आलं, आई वळणावर थांबून मागे बघत होती, आणि शटर पडेना. सेल संपले होते. एफ-३ चं शटर विजेवर चालतं, दोन बटणसेलांवर. पण सेल नसले तरी पुढच्या बाजूची छोटी कळ ओढली की सेकंदाच्या साठाव्या भागाच्या वेगाने फोटो निघतो. त्या ढगाळ उजेडात तेवढं पुरेसं होतं. मला ती कळ माहीतच नव्हती. माहितीपुस्तिका मी वाचली नव्हती.

रोल धुऊन आले तेव्हा निगेटिव्हवर काळे पट्टे. मागच्या झाकणाच्या खाचेत उजेड अडवायला फोमची पट्टी असते. वर्षानुवर्षांत ती डांबरासारखी चिकट होते, मग भुगा होतो. पन्नासेक फोटोंपैकी सात नीट आले. पुढच्या वर्षी आईचे गुडघे चालण्याजोगे राहिले नाहीत.

दुरुस्ती करणाऱ्याने पट्ट्या तासाभरात बदलल्या. इतकंच काम होतं, हे मला अजून टोचतं.

म्हणून सांगतो. घेण्याआधी झाकण उघडून खाचेत बोट फिरवा. काळं लागलं तर पट्ट्या गेल्या. सेलच्या कप्प्यात हिरवट थर नाही ना, पाहा. एका सेकंदाचा वेग लावून कान द्या, शटर तेवढ्याच वेळाने मिटतं ना ऐका. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. फार दिवसांची असेल तर ती काचेवरचा लेप खाते, आणि पुसूनही डाग राहतो. मुंबई-कोकणात तर हे बघितल्याशिवाय लेन्स घेऊच नका. घरी आणल्यावर चामड्याच्या पेटीत ठेवू नका, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा.

हे सगळं करूनही पहिला रोल घराच्या गच्चीवर, भर उन्हात संपवा आणि धुऊन बघा. फिल्म महाग आहे, तरी हा रोल वाचवू नका. वारीला किंवा लग्नाला न्यायचा असेल तर कॅमेरा महिनाभर आधी घ्या. माझ्या गावाहून रोल धुऊन यायलाच दहा दिवस लागतात.