शांत फाल्गुन आणि हिमवादळाची व्याख्या



मंडळाच्या मागच्या बैठकीत बातमीलेखनाचा सराव चालू होता. २०१६ च्या सियाचीनच्या दुर्घटनेवर एक परिच्छेद लिहायचा होता. एकाने लिहिलं, 'हिमवादळात दहा जवान गाडले गेले.' शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, "हिमवादळ नव्हे, हिमस्खलन." तो म्हणाला, "अगं, बर्फच ना शेवटी? काय फरक पडतो?" सगळे हसले आणि विषय पुढे गेला.

पण प्रश्न हसून सोडण्यासारखा नव्हता. त्या दहा जणांपैकी एक आपल्या शेजारचा होता. म्हणून या अंकातला अभ्यासलेख याच प्रश्नावर आहे. हवामानाचे शब्द कसे ठरतात, हिमवादळ कशाला म्हणायचं, आणि जिथे कधी बर्फ पडत नाही त्या दाजीबानपेठेत बसून आपण हे का शिकायचं, असे तीन भाग त्यात येतील.

१. आपल्याकडची शांत हवा

सुरुवात आपल्या दारापासून करू. फेब्रुवारीचा शेवट आणि मार्चचा पहिला पंधरवडा म्हणजे हुबळी-धारवाडचा सगळ्यात शांत काळ. सकाळी थोडा गारवा, दुपारी ऊन चटकायला लागलेलं, आभाळ कोरडं. धारवाडकडच्या आंब्यांना मोहोर, पळसाला फुलं, आणि कामण्णाच्या होळीची वर्गणी मागत फिरणारी पोरं. परतीचा पाऊस कधीच संपलेला असतो आणि वळवाला अजून अवकाश असतो. हवामानाचा अंदाज उघडला तर रोज तेच वाक्य दिसतं, 'हवामान कोरडे राहील'.

याला आपण वसंत म्हणतो. पंचांगाप्रमाणे वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख. पण भारतीय हवामान विभागाच्या यादीत वसंत नावाचा ऋतूच नाही. १८७५ साली स्थापन झालेल्या या खात्याने वर्षाचे चार भाग केले आहेत. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मान्सूनपूर्व काळ, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मान्सून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर मान्सूनोत्तर काळ. म्हणजे कवीचा वसंत आणि खात्याचा 'मान्सूनपूर्व' हे साधारण एकाच दिवसांचं नाव. एक नाव फुलांवरून पडलं, दुसरं पुढे येणाऱ्या पावसावरून. दोन्ही खरी आहेत, पण दोन्ही एकाच कामाला येत नाहीत.

इथे आपल्या वाचकांसाठी एक सूचना. आपल्यापैकी बरेच जण मराठी बातम्या पाहतात आणि त्यातला 'मध्य महाराष्ट्र' किंवा 'कोकण-गोवा' यांचा अंदाज आपलाच धरून चालतात. आपला विभाग तो नव्हे. हुबळी-धारवाड 'उत्तर अंतर्गत कर्नाटक' या हवामान उपविभागात येतं. भाषा मराठी असली तरी आभाळ इथलं आहे. अंदाज बघायचा तर या नावाखाली बघा.

२. अंदाजात 'शांत' म्हणजे काय

हवामान खातं इशाऱ्यांसाठी चार रंग वापरतं. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता कृती करा. फाल्गुनात आपला जिल्हा बहुतेक हिरवा असतो.

पण हिरव्या रंगाचा अर्थ 'काही होणार नाही' असा नसतो. ठरवून दिलेल्या मर्यादा ओलांडेल असं काही आज दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून त्या मर्यादा माहीत असल्या पाहिजेत. उदाहरणं घेऊ.

पावसाचा दिवस: २४ तासांत किमान २.५ मिलिमीटर पाऊस झाला तरच तो दिवस 'पावसाचा' म्हणून मोजला जातो. दुर्गदबैलात खरेदी करताना चार थेंब डोक्यावर पडले, तर तुम्ही भिजलात, पण नोंदीत तो दिवस पावसाचा नाही.

उष्णतेची लाट: मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सियसला पोचलं पाहिजे आणि ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असलं पाहिजे. किंवा सरासरी बाजूला ठेवून पारा सरळ ४५ वर गेला पाहिजे. शिवाय उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस ही स्थिती हवी.

जोराच्या वाऱ्याचा झपाटा, ज्याला स्क्वॉल म्हणतात: वाऱ्याचा वेग एकदम ताशी किमान २९ किलोमीटरने वाढून ४० किंवा त्याच्या वर गेला पाहिजे आणि किमान एक मिनिट टिकला पाहिजे.

या तिन्ही व्याख्यांत एक गोष्ट समान आहे. 'खूप', 'भयंकर', 'प्रचंड' असले शब्द कुठेच नाहीत. काय मोजायचं, किती आणि किती वेळ, एवढंच आहे.

३. हिमवादळाची तीन कलमी परीक्षा

आता मूळ शब्दाकडे येऊ. इंग्रजीत ज्याला ब्लिझर्ड म्हणतात, त्यालाच आपण हिमवादळ म्हणू. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेप्रमाणे त्याला तीन अटी लागतात.

पहिली अट वाऱ्याची. वारा किंवा त्याचे वारंवार येणारे झोत ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर किंवा अधिक वेगाचे हवेत. दुचाकी तेवढ्या वेगाने चालवताना तोंडावर जो वारा येतो तो आठवा. त्यात बर्फाचे बारीक कण मिसळले आहेत अशी कल्पना करा.

दुसरी अट दिसण्याची. पडणाऱ्या किंवा उडणाऱ्या बर्फामुळे पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०० मीटरच्या पलीकडचं दिसेनासं झालं पाहिजे. धावण्याच्या मैदानाची एक पूर्ण फेरी सरळ रेषेत उलगडली तर जेवढी लांबी होईल, तेवढी ही मर्यादा.

तिसरी अट वेळेची. हे सगळं किमान तीन तास टिकलं पाहिजे.

आता ही व्याख्या परत वाचा आणि सांगा, यात काय नाही? बर्फ किती इंच पडला ते नाही. थंडी किती अंशाची ते नाही. चार फूट बर्फ शांतपणे, वारा नसताना पडला, तर तो जोरदार हिमवर्षाव झाला, हिमवादळ नाही. उलट, आभाळातून एक कणही न पडता, आधी जमिनीवर साचलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उडाला आणि तीन तास समोरचं दिसलं नाही, तर ते हिमवादळ. म्हणजे या शब्दात 'हिम'पेक्षा 'वादळ' जास्त महत्त्वाचं.

देशागणिक आकडे थोडे बदलतात. कॅनडात वाऱ्याची मर्यादा ताशी ४० किलोमीटर, दिसण्याची ४०० मीटर, पण वेळ किमान चार तास. ब्रिटनमध्ये ताशी ३० मैलांचा वारा चालतो, पण दिसणं २०० मीटरच्या आत यावं लागतं. आकडे वेगळे असले तरी वारा आणि दिसणं या दोन अटी कुठेच सुटत नाहीत.

असं का? कारण हिमवादळात माणूस बहुतेक वेळा बर्फाच्या ओझ्याने मरत नाही, वाट हरवल्याने मरतो. जमीन पांढरी, आभाळ पांढरं, मधली हवाही पांढरी. घर हाकेच्या अंतरावर असतं आणि सापडत नाही. वारा अंगातली ऊब ओढून नेतो. ज्या कारणाने जीव जातो तेच व्याख्येत मोजलेलं आहे. चांगली व्याख्या अशीच असते. ती धोका कुठे आहे ते दाखवते.

४. बेटदूरचा जवान

आता बैठकीतल्या वाक्याकडे परत जाऊ.

३ फेब्रुवारी २०१६. सियाचीन हिमनदीच्या उत्तर भागात, सुमारे १९,६०० फूट उंचीवरची सोनम चौकी. बर्फाचा एक अजस्र कडा कोसळला आणि मद्रास रेजिमेंटच्या १९ व्या तुकडीचे दहा जण गाडले गेले. त्यांत लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद होते. गाव बेटदूर, तालुका कुंदगोळ, जिल्हा धारवाड. म्हणजे आपल्या बसस्टँडवरून जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढं जवळ. त्याच तुकडीत सातारा जिल्ह्यातले सुनील सूर्यवंशीही होते. एक कानडी घरातला, एक मराठी घरातला, आणि दोघांवर एकच बर्फ.

शोध घेणाऱ्यांना सहा दिवसांनंतर हनुमंतप्पा जिवंत सापडले. डोक्यावर पंचवीस-तीस फूट बर्फ होता. त्यांना दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात नेलं. देशभर प्रार्थना झाल्या. ११ फेब्रुवारीला ते गेले. बाकीच्या नऊ जणांपैकी कुणीही वाचलं नाही. हुबळीमार्गे त्यांचं पार्थिव गावी गेलं, तेव्हा रस्त्यारस्त्यावर लोक उभे होते. तुमच्यापैकी काहींच्या घरी ती आठवण अजून निघत असेल.

आता तीन कलमी परीक्षा लावा. जवान गाडले गेले ते वाऱ्याने का? नाही. समोरचं न दिसल्याने का? नाही. तासन् तास चाललेल्या कशाने का? नाही. उतारावर साचलेला बर्फ सुटला आणि खाली आला. याला हिमस्खलन म्हणतात. स्वच्छ उन्हातसुद्धा ते होऊ शकतं. थरावर थर साचतात, आत एखादा थर कमकुवत राहतो, वरचं वजन त्याला पेलवत नाही आणि सगळा उतार निसटतो.

आणि हा फरक फक्त कोशातला नाही. वाऱ्याचा आणि हिमवर्षावाचा अंदाज हवामान खातं देतं. हिमस्खलनाचा इशारा देण्याचं काम संरक्षण संशोधन संस्थेच्या, म्हणजे डीआरडीओच्या, वेगळ्या प्रयोगशाळेकडे आहे. तिथे बर्फाचे थर, उताराचा कोन, तापमानाची चढउतार यांचा अभ्यास होतो. शास्त्र वेगळं, इशारा वेगळा, बचावाची रीतही वेगळी. हिमवादळात तंबूत थांबणं शहाणपणाचं. पण तोच तंबू स्खलनाच्या वाटेवर असेल तर थांबणंच घातक. शब्द चुकला तर सल्लाही चुकतो. "काय फरक पडतो?" या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

५. शांततेनंतर

शांत हवेच्या दिवसांत सावध राहायला सांगणारे दोन प्रसंग इतिहासात आहेत.

मार्च १८८८. अमेरिकेच्या ईशान्य भागात हवा ऋतूच्या मानाने उबदार होती. ११ मार्चला पाऊस लागला, रात्रीतून त्याचा बर्फ झाला आणि १४ तारखेपर्यंत न्यूयॉर्कसकट सारा किनारा ठप्प झाला. अंदाजात अशा वादळाची कल्पनाही नव्हती. सुमारे ४०० माणसं दगावली. तारायंत्राचे खांब कोसळले आणि पुढे न्यूयॉर्कने तारा जमिनीखाली घालायला सुरुवात केली. योगायोग असा, की त्या काळात पंडिता रमाबाई अमेरिकेतच होत्या. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या मार्च १८८६ मध्ये तिथे पोचल्या आणि १८८८ च्या अखेरीस तिथून परत निघाल्या. त्यांचं अमेरिकेवरचं मराठी पुस्तक १८८९ साली निघालं.

दुसरा प्रसंग जवळचा. ऑक्टोबर २०१४. नेपाळमधल्या अन्नपूर्णा परिसरात गिर्यारोहकांचा हंगाम भरात होता, कारण त्या महिन्यात तिथली हवा एरवी स्वच्छ असते. १२ तारखेला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. त्याचं उरलेलं बाष्प दोन दिवसांत हिमालयापर्यंत गेलं आणि थोरांग खिंडीच्या भागात हिमवादळ आणि हिमस्खलनं, दोन्ही झाली. चाळीसहून अधिक लोक मेले. आंध्रच्या किनाऱ्यावरचा पाऊस नेपाळमध्ये बर्फ होऊन पडला.

६. आपलं काय?

आपल्याकडे हिमवादळ येणार नाही. येईल तो वळीव. मार्चच्या शेवटापासून जमीन तापते, अरबी समुद्रावरून ओलसर वारा येतो, दुपारनंतर ढग उभे चढतात. ढगातून पावसाबरोबर थंड झालेली हवा खाली आदळते आणि आडवी पसरते. तोच तो धुळीचा लोट, पत्रे उडवणारा झपाटा. वर व्याख्या दिलेला स्क्वॉल हाच. त्याच ढगातून वीज पडते, गारा पडतात आणि मोहोर टिकून धरलेल्या कैऱ्या एका संध्याकाळी जमिनीवर येतात.

आणि उन्हाचंही लक्षात ठेवा. मार्चमध्ये पारा ३७ वर असेल तर व्याख्येप्रमाणे ती लाट नाही, रंग हिरवाच राहील. पण तुळजाभवानीच्या देवळाजवळ दिवसभर उन्हात हातगाडी लावणाऱ्या मावशींना ते ऊन ३७ चंच लागतं. व्याख्या इशारा कधी द्यायचा ते ठरवते. पाणी कुणाला विचारायचं ते ठरवणं आपलं काम.

सरावासाठी

१. बातमीतलं कोणतंही एक 'वादळ' घ्या. काय मोजलं, किती आणि किती वेळ, हे बातमीत सापडतं का पाहा.

२. हिमवर्षाव, हिमवादळ, हिमस्खलन, गारपीट हे चार शब्द प्रत्येकी एका वाक्यात असे वापरा, की एकाच्या जागी दुसरा बसणार नाही.

३. घरातल्या मोठ्यांना विचारा, वळीव येण्याआधी ते कशावरून ओळखायचे? मराठी आणि कानडी दोन्ही शब्द लिहून आणा. पुढच्या अंकात त्यांची यादी करू.

४. 'हिमवादळात दहा जवान गाडले गेले' हे वाक्य दुरुस्त करून लिहा. जमलं तर त्यात बेटदूरचं नावही येऊ द्या.