वाकडचा फ्लॅट भाड्यानं देताना

अरे, फ्लॅट भाड्यानं द्यायचा आहेस तर खुशाल दे. पण खालच्या मजल्यावरच्यांनी सांगितलं म्हणून स्टॅम्पपेपर आणून, दोन सह्या ठोकून, नोटरीचा शिक्का मारून मोकळा होऊ नकोस. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हे पुण्यात तुला दर तिसरा माणूस ठामपणे सांगेल. केंद्राच्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला तशी सूट आहे, म्हणून हा समज पसरला. महाराष्ट्रात ती चालत नाही. आपल्याकडचा भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कैदेला कोणी भीत नाही, मला ठाऊक आहे. खरी मेख पुढे आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. तू वीस हजार ठरवलेस आणि तो म्हणाला बारा, तर वीस होते हे सिद्ध करत बसायचं तू.

आणि खर्च तरी किती? वीस हजार भाडं, एक लाख परत करायचं डिपॉझिट, अकरा महिने, असं धर. अकरा महिन्यांचं भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, त्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. सहाशेच्या आसपास येतं. शहरात नोंदणी फी हजार. एजंट यंत्र घेऊन घरी येतो, आधारशी जुळवून अंगठे घेतो, त्याचे पैसे वेगळे. सोसायटीच्या दिवाळी वर्गणीत कुरकुर करणारी माणसं इथेही कुरकुर करतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस.

तुझ्या आजोबांच्या पिढीनं भाडेकरूची धास्ती घेतली होती ती उगाच नव्हे. १९४७ च्या जुन्या कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, पेठांतल्या वाड्यांत लोक पिढ्यान् पिढ्या नाममात्र भाड्यात राहिले, आणि मालकाला वाड्याची कौलं बदलणंही परवडेना. भाडेकरूंचीही बाजू होती, त्यांना जायला दुसरी जागा कुठे होती? पण ते कूळ वेगळं. तू करतोस तो लीव्ह अँड लायसन्स. त्यात राहायची परवानगी तेवढी असते, जागेत हक्क उभा राहत नाही. मुदत संपली आणि माणूस हलला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समन्स लागल्यापासून तीस दिवसांत त्याला बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळाची भरपाई ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दरानं द्यावी लागते. त्या अर्जात तुझा लेखी करारच निर्णायक पुरावा मानला जातो. वेळ लागतोच, पण दिवाणी दाव्याच्या मानानं हे बरंच बरं.

म्हणून मुदत संपायच्या महिनाभर आधी बोलून घे. राहणार असेल तर नवा करार, नवी नोंदणी. ‘चालू दे तसंच’ म्हणत भाडं घेत राहणं हा आपल्या लोकांचा आवडता आळस आहे. आणि कितीही संताप आला तरी नळ बंद करायचा नाही, वीज तोडायची नाही, बाहेरून कुलूप लावायचं नाही. सरळ असलेली केस तू स्वतःच्या हातानं वाकडी करशील.

किल्ली देताना खोल्यांचे फोटो, मीटरचं रीडिंग, गीझर-पंख्यांची यादी, खाली दोघांच्या सह्या. डिपॉझिट शेवटचं वीजबिल पाहून परत कर, पण कर. भिंतीला चार खिळे मारले म्हणून रंगाचे तीस हजार कापणारे मालक मी पाहिलेत. मला ते सरळसरळ लबाड वाटतात.

पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती दे, ते ऑनलाइन होतं. सोसायटीला कळव, कराराची प्रत दे. परवानगीसाठी मात्र हात जोडत उभं राहायची गरज नाही. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस किती, तर १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत, आणि ते दहा टक्के काढताना महापालिकेचे कर धरायचे नाहीत. सेक्रेटरी जास्त मागायला लागले तर आदेशाची प्रत समोर ठेव, आवाज चढवू नकोस. ‘बॅचलर नको, अमुक जातीचा नको’ असं कोणी कमिटीत बोललं तर तिथेच हटक.

आयकराचं थोडक्यात: मिळालेल्या भाड्यातून तू भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्यावर तीस टक्के सरसकट वजावट मिळते, मग रंगरंगोटीच्या पावत्या वेगळ्या लावता येत नाहीत. भाडं महिन्याला पन्नास हजारांच्या वर असेल तर भाडेकरूनं टीडीएस कापायचा असतो. तुझी बहीण परदेशात राहते, तिच्या फ्लॅटच्या भाड्याला मात्र ही मर्यादा नाही. रक्कम कितीही असली तरी कापावाच लागतो. तिला हे कळव, तिचा भाडेकरू न कापताच पैसे पाठवतोय असं मला वाटतं.

अजून एक फ्लॅट घ्यायचं तुझ्या मनात आहे, तर पुस्तिकेतली चित्रं बाजूला ठेव आणि महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर घालून ताबा कधीचा लिहिलाय, दावे किती चालू आहेत ते वाच. बिल्डर खालच्या खांबांमधलं पार्किंग वेगळं विकायला निघाला तर थांब. ते विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलंय.

आता शनिवारी एजंटला बोलाव, आणि सही करण्याआधी कराराचा मसुदा मला पाठव.