आपल्या आवडत्या जागेविषयी कसे लिहावे?
(इयत्ता तिसरी व चौथीसाठी)

मुलांनो, 'माझे आवडते ठिकाण' हा विषय दिला की वर्गातल्या निम्म्या वह्यांत एकच वाक्य येते : "तेथील निसर्गसौंदर्य पाहून मन प्रसन्न होते." हे वाक्य महाबळेश्वरला चालते, पाचगणीला चालते आणि न पाहिलेल्या काश्मीरलाही चालते. जे वाक्य सगळीकडे चालते, ते कोणत्याच गावाचे नसते. म्हणून ते सोडा. जिथे तुम्ही पायी जाऊ शकता, दहा वेळा गेला आहात, अशीच जागा निवडा.

उदाहरणासाठी आपण लिंबची बारा मोटांची विहीर घेऊ. साताऱ्याजवळची ही विहीर पाहायला लांबून माणसे येतात, पण आपल्यातल्या पुष्कळांना ती नुसती 'जुनी विहीर' वाटते.

आधी पाहा, मग लिहा. वही घरीच ठेवली तरी हरकत नाही. पायऱ्या उतरताना उन्हातून सावलीत गेल्यावर अंगाला काय वाटले? भिंतीला हात लावला तेव्हा दगड कोरडा होता की ओला? हाक मारली तर आवाज कसा परत आला? कबुतरे कुठून उडाली? पायऱ्या किती, ते मी सांगणार नाही. मोजा आणि आकडा लिहा. (मात्र एकट्याने जायचे नाही. मोठे माणूस बरोबर हवे, आणि काठावर वाकायचे नाही, बरे का!) भीती वाटली असेल तर तीही लिहा. एका मुलीने लिहिले होते, "खाली बघितलं की पोटात गार होतं." हे वाक्य मला निसर्गसौंदर्यापेक्षा शंभरपटीने आवडले.

आता माहिती. ही विहीर वीरूबाई भोसले यांनी शाहू महाराजांच्या काळात बांधली. तिथल्या शिलालेखावरून बांधकामाचा काळ शके 1641 ते 1646 असा मिळतो. शकात 78 मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे 1719 ते 1724. ही बेरीज वहीत स्वतः करून पाहा. मुख्य विहीर अष्टकोनी आहे, म्हणजे तिला आठ बाजू आहेत. खोली सुमारे 110 फूट आणि रुंदी सुमारे 50 फूट सांगतात. नुसते '110 फूट' लिहिले तर वाचणाऱ्याला काही दिसत नाही. घराचा एक मजला दहा फुटांचा धरा. मग अकरा मजले जमिनीत उलटे गेले, असे लिहिता येते. विहिरीवर छोटासा महालही आहे. पाण्याच्या डोक्यावर महाल! आणि हे पाणी आमराईला जात असे.

पण सगळ्यात मोलाची माहिती शिलालेखात नाही. ती आपल्या आजी-आजोबांजवळ आहे. मोट कशी चाले, हे तुमच्यापैकी कोणी पाहिलेले नाही. इंजिने व विजेचे पंप आले आणि मोटा गेल्या. आजोबांना विचारा. ते सांगतील की मोट चामड्याची असे. बैल धावेवरून उतरू लागले की नाडा ताणून मोट वर येई, सोंदूर ओढला जाऊन तिची सोंड थारोळ्यात पडे आणि पाणी पाटाला लागे. मग बैल पाठीमागे चालत पुन्हा वर. एका वेळी बारा मोटा चालत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. एका मोटेला एकच जोडी धरली तरी चोवीस बैल झाले! केवढा गलबला असेल तिथे.

धाव, नाडा, सोंदूर, थारोळे हे शब्द आपल्या पुस्तकात क्वचितच सापडतील. घरी जसे बोलतात तसेच ते लिहा. 'थारोळं' असे लिहिले म्हणून मी लाल रेघ मारणार नाही. 'पाणी भरण्याचे साधन' असे लिहिले तर मात्र मारीन. आजोबा सोंदराला दुसरे नाव घेत असतील तर तेही लिहा. गावागावांत शब्द बदलतो. आणि कोणी काय सांगितले, हेही लिहा : "हे मी मोजले", "हे शिलालेखावरून", "हे आज्जी म्हणाली". तिन्ही एकत्र कालवू नका.

पालकांना एक विनंती. मुलाला निबंध सांगू नका, तोंडपाठ तर मुळीच करून घेऊ नका. वेलांटी चुकली तर चुकू द्या, ती शाळेत सुधारता येते. तुमच्याकडून हवे आहे ते वेगळेच. त्याच्याबरोबर एकदा तिथे जा, आणि तो विचारील त्याला उत्तर द्या. "तुला काय करायचंय?" असे म्हणू नका. मोट हाकलेली माणसे आता गावात थोडीच उरली आहेत.

विहीरच पाहिजे असे नाही. नदीचा घाट, पार, पिठाची गिरणी, एस.टी.चा थांबा, काहीही चालेल. एका पानापेक्षा जास्त नको. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर जाऊन या. सोमवारी पाने माझ्याकडे द्या. ती या फलकावर टाचणीने लावू. चित्र काढले असेल तर तेही आणा.