वेबसाईटचा मुनीम : नेमताना काय पाहावे?

दुकान लहान असो वा मोठे, गल्ल्यावर कोणाला बसवायचे याचा विचार मालक दहा वेळा करतो. चोपड्या कोणाच्या हाती द्यायच्या, वखारीची किल्ली कोणाकडे ठेवायची, हे तो पारखून ठरवतो. वेबसाईटच्या बाबतीत मात्र आमचे अनेक व्यापारी बांधव ही दक्षता घेत नाहीत. एकदा पैसे मोजून वेबसाईट तयार करून घेतली, की काम संपले असे ते समजतात. मग गेल्या हंगामाचा भाव, बंद पडलेला फोन नंबर आणि संपलेला माल महिनोन् महिने तिथे तसाच राहतो. गिऱ्हाईक मात्र तिथे लिहिलेले प्रत्येक अक्षर दुकानदाराचा शब्द मानते. हा शब्द सांभाळणारा माणूस म्हणजे कंटेंट मॅनेजर. त्याला आपण वेबसाईटचा मुनीम म्हणू.

काम कोणते?

वेबसाईटशी तीन प्रकारच्या माणसांचा संबंध येतो आणि त्यांच्यात गल्लत होते. पहिला, वेबसाईट बांधणारा तंत्रज्ञ. दुसरा, जाहिरात करून गिऱ्हाईक आणणारा. तिसरा, तिथे काय लिहिले जाईल, कोणता फोटो लागेल, कोणती माहिती कधी बदलेल व कधी काढली जाईल, हे पाहणारा. हा तिसरा माणूस आपल्याला हवा आहे. तो स्वतः उत्तम लिहीत असेल तर चांगलेच. पण त्याचे खरे काम लिहिण्यापेक्षा विचारण्याचे आणि तपासण्याचे आहे.

कोकणातील आंब्याचा धंदा उदाहरणादाखल घेऊ. समजा एक बागायतदार मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना थेट पेटी पाठवतो. हंगाम उण्यापुऱ्या तीन महिन्यांचा. त्या काळात भाव रोज हलतो आणि फळाचा आकारही बदलतो. तेव्हा मुनिमाने रोज सकाळी बागेत फोन करून विचारले पाहिजे : आज किती पेट्या निघतील? पेटी पाच डझनाची की सहा? फळ साधारण किती वजनाचे? कच्चे पाठवणार की आढीत पिकवून? वाटेत फळ डागाळले तर भरपाई कशी? ही उत्तरे वेबसाईटवर गेली, की फोनवरची निम्मी हुज्जत थांबते. हंगाम संपला की त्याच दिवशी 'मागणी बंद' असे लिहिणे हेही त्याचेच काम. मोहोराच्या दिवसांत बागेचे फोटो काढून ठेवणे, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे तयार करणे, ही कामे त्याने रिकाम्या काळात उरकावीत.

एक चुकीचा शब्द महाग पडतो

२०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा बाहेरून आणलेल्या फळाखाली 'रत्नागिरी हापूस' असे लिहिणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक तर आहेच, शिवाय कायद्याचा भंगही आहे. तीच गोष्ट 'नैसर्गिकरीत्या पिकवलेला' या शब्दांची. कार्बाईडने फळ पिकवण्यास आपल्या देशात बंदी आहे. इथिलीन वायूचा वापर ठराविक मर्यादेत चालतो. पण इथिलीनने पिकवलेल्या फळाला 'आढीतला आंबा' म्हणता येणार नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तीच आगळीक केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वेबसाईटवरून माल विकणाऱ्या व्यवसायाने आपले कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क, माल परत घेण्याच्या व पैसे परत करण्याच्या अटी, तसेच तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव देणे आवश्यक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निवारण एका महिन्यात करावे लागते. आपणच गिऱ्हाईक असल्याचे भासवून आपल्या मालाची स्तुती लिहिण्यासही हे नियम मनाई करतात. म्हणून 'दहा-वीस चांगले अभिप्राय लिहून टाकतो' असे सांगणारा उमेदवार कितीही हुशार वाटला तरी त्याला नम्रपणे निरोप द्यावा.

पारख कशी करावी?

पदवी व प्रमाणपत्रे पाहावीत, पण त्यांवर थांबू नये. उमेदवाराला अर्ध्या दिवसाचे काम द्यावे आणि त्याचा मोबदलाही द्यावा. आपल्या एखाद्या मालाची अपुरी माहिती त्याच्या हाती द्यावी. वजन किंवा परतीची अट मुद्दाम गाळावी, आणि दीडशे शब्दांत मजकूर लिहायला सांगावा. जो 'वजन किती? परत कधीपर्यंत घेणार?' असे विचारील तो कामाचा. जो न विचारता रिकामी जागा गोड शब्दांनी भरील, तो उद्या आपल्या नावावर खोटे लिहून ठेवील. आता संगणकाकडून क्षणात मजकूर लिहून घेता येतो. त्यामुळे लिहिण्याचा वेळ वाचला, पण तपासण्याची जबाबदारी वाढली. यंत्राने लिहिलेला भाव किंवा गुणधर्म मालाशी ताडून पाहणारा माणूस हवाच.

आपले गिऱ्हाईक कोणती भाषा वाचते, हेही पाहावे. मराठी वाचणाऱ्या घराला मोडक्या भाषांतरित मराठीत माल विकता येत नाही. धंदा लहान असेल तर पूर्णवेळ माणूस नेमण्याची गरज नाही. हंगामात रोज दोन तास आणि एरवी आठवड्यातून एक दिवस, असा ठराव करता येतो. घरून काम करू इच्छिणाऱ्या शिकलेल्या मुलींना व गृहिणींना हे काम सोयीचे आहे.

किल्ली मालकाकडे

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. वेबसाईटचे नाव, म्हणजे डोमेन, मालकाच्या किंवा पेढीच्या नावावर नोंदलेले असावे. तंत्रज्ञाच्या किंवा मुनिमाच्या नावावर नव्हे. त्याचे नूतनीकरण कधी आहे ते मालकाने स्वतःच्या डायरीत लिहून ठेवावे. मुख्य पासवर्ड मालकाकडे असावा आणि मुनिमाला कामापुरता वेगळा प्रवेश द्यावा. तो सोडून गेला की त्याच दिवशी तो प्रवेश बंद करावा.

मजकुराच्या हक्काचेही तसेच आहे. कॉपीराईट कायदा १९५७ प्रमाणे नोकरीत असलेल्या माणसाने कामाचा भाग म्हणून लिहिलेला मजकूर, वेगळा करार नसेल तर, मालकाचा ठरतो. पण बाहेरच्या माणसाकडून ठोक मोबदल्यावर लिहून घेतलेला मजकूर केवळ पैसे दिल्याने आपला होत नाही. त्यासाठी सहीनिशी लेखी हस्तांतरण लागते. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच मानतो. आखाती देशांत माल पाठवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. एका पानाचा करार करावा : काम कोणते, तास किती, मोबदला किती व कोणत्या तारखेला, मजकुराचा हक्क कोणाचा, आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचे. ठरलेला मोबदला ठरल्या दिवशी देणे ही मालकाची बाजू; तिच्यातही कसूर नसावी.

मुनीम कितीही विश्वासू असला तरी जुने व्यापारी दिवसाअखेर वहीवर नजर टाकत. आम्ही व्यापारी बांधवांना इतकेच सुचवतो, की आठवड्यातून एकदा आपली वेबसाईट गिऱ्हाइकाच्या नजरेने उघडून वाचावी. तिथे लिहिलेले प्रत्येक वाक्य आपण दुकानात समोर उभ्या असलेल्या माणसाला तोंडाने सांगू शकतो का, हे स्वतःला विचारावे. जे वाक्य सांगता येणार नाही, ते त्याच दिवशी काढून टाकावे.